भरलेली दाढ पुन्हा का किडते?

‘डॉक्टर, ही दाढ तर मी भरून घेतली होती. मग ती पुन्हा किडलीच कशी?’ आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्या दवाखान्यात येतोच. विचारणाऱ्याच्या स्वरात नाराजी असते आणि ती रास्तही असते. सुई सोसली, अर्धा तास तोंड उघडून बसलो, पैसे मोजले आणि चार वर्षांत पुन्हा तेच! मग मनात दोन शंका येतात. एक तर आधीच्या डॉक्टरांनी कीड आत तशीच ठेवून वरून सिमेंट भरले, नाहीतर माल हलका वापरला. यांपैकी एखादी शंका कधीमधी खरीही निघते. पण बऱ्याच वेळा कारण वेगळेच असते, आणि ते समजून घेतले नाही तर तीच दाढ तिसऱ्यांदा भरण्याची पाळी येते.

मुळात ‘कीड’ हा शब्दच आपली दिशाभूल करतो. दाताला लागलेली कीड म्हणजे लाकडाला लागते तशी अळी नव्हे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘दातातले किडे’ काढून दाखवणारे लोक बाजाराच्या दिवशी अनेकांनी पाहिले असतील. ते जे दाखवतात ते दातातून आलेले नसते, कारण दातात अळी नसतेच. असतो तो जंतूंचा चिकट, पांढुरका थर. नखाने खरवडला तर नखात येतो, तोच. आपण काही गोड किंवा पिठूळ खाल्ले की हे जंतू ती साखर खातात आणि आम्ल बाहेर टाकतात. त्या आम्लाने दातातले चुन्याचे क्षार विरघळतात. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली ही गोष्ट मांडली. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन या संशोधकाने दाखवून दिले की, साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच या थराचा सामू ५.५ च्या खाली उतरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. ५.५ च्या खाली दाताचे वरचे कवच विरघळू लागते. मधल्या वेळेत लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि थोडेफार क्षार परत आणून बसवते. म्हणजे आपल्या तोंडात दिवसभर मोडणे आणि डागडुजी हे दोन्ही चालू असते. मोडणे जास्त झाले की खड्डा पडतो.

आता दाढ भरणे म्हणजे काय, ते पाहू. डॉक्टर मऊ झालेला भाग काढतात, खड्डा साफ करतात आणि त्यात चांदी किंवा सिमेंट भरतात. खड्डा बुजतो, चावता येते, ठणका थांबतो. पण ज्या कारणाने खड्डा पडला, ते कारण भरण्याने गेले का? नाही. जंतूंचा थर त्याच तोंडात आहे, चहा-बिस्किटे त्याच वेळांना चालू आहेत, ब्रश त्याच घाईत फिरतो आहे. भिंतीला ओल आली म्हणून पोपडे खरवडून गिलावा केला आणि छपराची गळती तशीच ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यात काय होईल हे सांगायला गवंडी लागत नाही. फरक एवढाच की आता त्या दाताला एक सांधा आला आहे, दात आणि भरलेला माल यांच्यामधला. आणि सांधा ही कुठल्याही बांधकामातली कच्ची जागा असते.

भरलेल्या दाढेला पुन्हा लागणारी कीड ही बहुधा जुनी कीड वर आलेली नसते. ती सांध्यालगत लागलेली नवी कीड असते. नॉर्वेजियन दंतसंशोधक इव्हार म्योर यांनी अनेक वर्षे या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. भरलेला माल काढून पुन्हा भरण्याचे दंतवैद्य सर्वांत जास्त वेळा देत असलेले कारण हेच आहे, आणि अशी कीड बहुतेक वेळा हिरडीच्या बाजूच्या कडेला सापडते, असे त्यांच्या पाहणीत दिसले. चावण्याच्या बाजूला ती त्या मानाने कमी आढळते. यातच सारे उत्तर दडलेले आहे. भरलेला माल सगळीकडे एकच, मग कीड खालच्या कडेलाच का? कारण तिथे ब्रश पोहोचत नाही, दोन दाढांच्या फटीत अन्न अडकून राहते, आणि भरताना ती जागा कोरडी ठेवणेही सर्वांत अवघड असते.

‘आत कीड ठेवली’ या शंकेविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यावरून डॉक्टर आणि पेशंट यांच्यात विनाकारण कटुता येते. अमेरिकेत जॉर्जियामध्ये मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग केला होता. काही दातांमधली कीड त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली आणि वरून निरोगी कवचाला घट्ट चिकटेल असे सिमेंट भरून ती पूर्ण बंद केली. दहा वर्षे हे दात तपासत राहिले. १९९८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, जिथे झाकण घट्ट राहिले तिथे आतली कीड पुढे सरकली नाही. बाहेरून साखर मिळणे बंद झाल्यावर आतले जंतू निष्प्रभ झाले. म्हणूनच आज खोल गेलेल्या दाढेत नसेला धक्का लागू नये यासाठी तळाचा थोडा मऊसर भाग जाणूनबुजून ठेवतात. कडा मात्र पूर्ण स्वच्छ आणि टणक करूनच भरतात. हे मान्य झालेले शास्त्र आहे, हयगय नव्हे. सांधा घट्ट असेल तर आतल्या उरलेल्या किडीला भिण्याचे फारसे कारण नाही. सांधा उघडा असेल तर आत कितीही खरवडलेले असो, उपयोग नाही.

सांधा कशाने उघडतो? इथे माल आणि कारागिरी दोन्ही येतात. आज आपण भरतो ते दाताच्या रंगाचे सिमेंट, म्हणजे कंपोझिट, निळ्या दिव्याने कडक होते. (पुष्कळ जण याला ‘लेझर फिलिंग’ म्हणतात. त्यात लेझर नसतो, साधा निळा प्रकाश असतो. लेझर म्हणून जास्त पैसे मागितले तर जरूर विचारा.) हे सिमेंट कडक होताना शेकडा दोन-तीन टक्के आकसते. ते एकदम भरले तर आकसताना कडेपासून सुटू पाहते, म्हणून थोडे थोडे थर देऊन भरावे लागते. शिवाय ते चिकटण्यासाठी दात कोरडा लागतो. भरताना लाळ किंवा हिरडीचे रक्त तिथे आले तर वरून सुंदर दिसणारे काम खालून सुटलेले असते. म्हणून डॉक्टर तोंडात कापूस कोंबतात, रबराचा पडदा लावतात, लाळ ओढणारी नळी ठेवतात. पेशंटला त्याचा त्रास होतो, हे मान्य. पण त्या दहा मिनिटांत ‘थुंकू का?’ म्हणून उठणे आपल्याच दाढेच्या मुळावर येते.

चांदीचे तसे नाही. तिला थोडा ओलावा चालतो आणि कालांतराने तिच्या कडेला साचणाऱ्या क्षारांनी सांधा काहीसा बुजतो. पोर्तुगालमध्ये लिस्बन येथील कासा पिया शाळांतील मुलांच्या काही दाढा चांदीने आणि काही कंपोझिटने भरून सात वर्षांपर्यंत पाहणी केली गेली. २००७ साली जाहीर झालेल्या निकालात कंपोझिटच्या कडेला पुन्हा कीड लागण्याचा धोका चांदीच्या साडेतीन पट आढळला. याचा अर्थ कंपोझिट वाईट असा नाही. ते दाताला चिकटते, त्यासाठी निरोगी दात कमी कोरावा लागतो आणि दिसतेही चांगले. पण ते भरणाऱ्याच्या हातावर आणि बाळगणाऱ्याच्या सवयींवर अधिक अवलंबून असते. ग्लास आयनोमर नावाचे तिसरे सिमेंट आहे. विल्सन आणि केंट यांनी इंग्लंडमध्ये शोधलेले हे सिमेंट १९७२ मध्ये पुढे आले. त्यातून फ्लोराइड हळूहळू सुटते, म्हणून हिरडीजवळच्या किडीला ते सोयीचे. मात्र चावण्याच्या जोराला ते त्या मानाने लवकर झिजते.

कारागिरीचा एक दोष मात्र पेशंटला स्वतःला ओळखता येतो. दोन दाढांच्या मध्ये भरलेले असेल आणि दर जेवणाला तिथेच मेथीची काडी किंवा मटणाचा धागा अडकत असेल, तर तिथे दाढांचा एकमेकींना चिकटून असलेला स्पर्श सुटला आहे असे समजावे. दात साफ करण्याचा दोरा तिथून ओढताना दरवेळी फाटत असेल, तर सिमेंटची कड बाहेर आली आहे किंवा खाली फट पडली आहे. ही तक्रार संकोच न करता डॉक्टरांना सांगावी. पॉलिश करून किंवा थोडे बदलून ती बऱ्याचदा दूर होते. टाचणी, सेफ्टी पिन किंवा काडेपेटीची काडी घालून टोकरत बसू नये. त्याने हिरडी मागे सरते आणि सांध्याखालचे मूळ उघडे पडते.

हे झाले डॉक्टरांकडचे. आता आपल्याकडचे पाहू, आणि माझ्या अनुभवात याचेच पारडे जड असते.

एक प्राथमिक शिक्षक माझ्याकडे येत. निर्व्यसनी, सकाळ-रात्र ब्रश करणारे. तरीही त्यांच्या भरलेल्या पाच दाढांपैकी चार हिरडीलगत पुन्हा किडल्या होत्या. जेवणाबद्दल विचारले, चहाबद्दल विचारले, काही सापडेना. अखेर मी म्हणालो, ‘गुरुजी, दिवसभर वर्गात बोलून घसा बसत असेल तुमचा?’ त्यांनी खिशातून पुडी काढून दाखवली, खडीसाखरेची. प्रत्येक तासाला एक खडा गालात. म्हणजे सकाळी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्यांच्या तोंडातला सामू वर यायला उसंतच मिळत नव्हती. खडीसाखर बंद केली, त्याऐवजी पाण्याची बाटली टेबलावर आली. भरलेल्या दाढांच्या कडेला नवी कीड लागणे थांबले.

साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्ली हे महत्त्वाचे, हे स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयातील प्रयोगाने १९५४ सालीच जगापुढे आले. तिथल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना गोड वेगवेगळ्या प्रकारे दिले गेले. जेवणासोबत गोड घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणारी टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले. नकार देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसांचे दात अशा रीतीने बिघडू दिले, ही त्या प्रयोगावरची टीका योग्यच आहे. पण त्यांनी सोसले त्यातून मिळालेले ज्ञान आपण वाया तरी घालवू नये. संक्रांतीचा तिळगूळ किंवा लग्नातली जिलबी जेवणाबरोबर खाऊन चूळ भरली तर तेवढ्याने दाढ जात नाही. दुकानात बसून दिवसाला आठ कटिंग, प्रत्येकाबरोबर एक बिस्कीट, मध्ये गोड सुपारी, यानेच ती जाते.

दुसरे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे कोरडे तोंड. माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तीच आपल्या दातांची राखण करते. झोपेत ती फार कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षा मोलाचा. रक्तदाबाच्या काही गोळ्या, नैराश्यावरची, ॲलर्जीची काही औषधे, ताब्यात नसलेला मधुमेह यांनी लाळ आटते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणांचा उपचार झालेल्यांची तर दातांच्या गळ्याभोवती काही महिन्यांत कीड फिरते. अशांनी औषध मनाने बंद करू नये. पण दातांच्या डॉक्टरांना ही औषधे सांगावीत आणि कोरड पडते म्हणून पेपरमिंट चघळत बसू नये. नेमके तेच बरेच जण करतात.

वयाबरोबर हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडे पडते. मुळावर कठीण कवच नसते. कवच ५.५ ला विरघळते, तर मूळ सामू सहाच्या वर असतानाच विरघळू लागते. म्हणून तरुणपणी भरलेल्या, वीस वर्षे नीट टिकलेल्या दाढेच्या खालच्या कडेला साठीत कीड लागते. मिश्रीने दात घासणाऱ्या आमच्या आजी-मावशींचा समज असतो की तिने कीड मरते. ती तर मरत नाहीच, उलट हिरडी आणि मूळ झिजते, आणि तंबाखूचे बाकीचे धोके आहेतच. काढ-घाल करण्याच्या कवळीचा तारेचा आकडा ज्या दाताला धरतो, त्या दाताची कडही अशीच सांभाळावी लागते. रात्री कवळी काढून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

कॅप बसवलेल्या दाढेबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. लोकांचा समज असा की कॅप बसली, आता दात लोखंडाचा झाला. कॅपला कीड लागत नाही हे खरे, पण कॅप जिथे संपते तिथून खाली आपलाच दात आहे. त्यातून रूट कॅनॉल केलेल्या दाढेत नस नसते, म्हणून ठणका नाही, गार पाण्याची कळ नाही. कीड कॅपखाली शांतपणे आत शिरते आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना कॅप हातात येते. आत पाहावे तर हिरडीच्या पातळीवर काळा, भुसभुशीत बुंधा. मग बहुतेक वेळा दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. म्हणून कॅपच्या कडेला दुर्गंध येणे, तिथून विचित्र चव येणे, कॅप किंचित हलणे, हिरडी सारखी सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नका.

याच्या उलट एक इशाराही द्यायला हवा. भरलेल्या मालाच्या कडेला दिसणारी प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नव्हे. चहा-तंबाखूचा डाग कडेला बसतो. चांदीच्या बाजूचा दात तर तिच्याच रंगाने करडा दिसतो. लंडनच्या एडविना किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चांदी भरलेल्या दाढांचा बारकाईने अभ्यास केला. कडेचा काळसर रंग किंवा अरुंद खाच यांवरून आत कीड आहे की नाही हे ठरवता येत नाही, असे त्यांना आढळले. खाच ०.४ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा कड उघडपणे मऊ झाली असेल, तरच शंका घ्यावी. हे महत्त्वाचे अशासाठी की, भरलेला माल काढताना दरवेळी थोडा चांगला दातही जातो. छोट्या खड्ड्याचा मोठा, मोठ्याचा रूट कॅनॉल, मग कॅप, मग दाढ काढणे, अशी ही उतरंड आहे. एका दाढेला फार तर चार-पाच दुरुस्त्या पुरतात. तेव्हा ‘काळे दिसते, बदलून टाका’ असा आग्रह पेशंटनेही धरू नये. शंका असेल तर दोन्ही जबड्यांच्या दाढा एकत्र दाखवणारा छोटा एक्स-रे काढावा, सहा महिने लक्ष ठेवावे, किंवा बिघडलेली तेवढीच कड कोरून दुरुस्त करावी. एका कौलासाठी सगळे छप्पर उतरवत नाहीत.

रोजच्या कामात फ्लोराइड असलेली पेस्ट ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची मदत आहे. वेष्टनावर ‘फ्लोराइड’ शब्द पाहून घ्यावा. बऱ्याच मंजनांत आणि राखुंडीत ते नसते. रात्री ब्रश केल्यावर थुंकावे, पण पेलाभर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जाते. भरलेल्या दाढांच्या फटीत दिवसातून एकदा दोरा किंवा बारीक गोल ब्रश फिरवावा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या लहान मुलांसाठी कोणती पेस्ट वापरावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि भरलेले दात ज्यांच्या तोंडात आहेत त्यांनी, दुखो न दुखो, वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. कोरडे तोंड किंवा कॅप असेल तर सहा महिन्यांनी.

शेवटी, अलीकडे वारंवार येणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर. युरोपीय संघाने २०२५ च्या जानेवारीपासून, अपवादात्मक कारणे सोडून, दातांत चांदी भरणे बंद केले आहे. मग आमच्या तोंडातली जुनी चांदी काढून टाकावी का? ही बंदी मुख्यतः चांदीतला पारा हवा-पाण्यात जाऊ नये यासाठी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली चांदीबाबत सूचना काढली, तिच्यातही सुस्थितीतली चांदी केवळ भीतीपोटी काढू नये असेच म्हटले आहे. काढताना पाऱ्याची वाफ उलट जास्त सुटते आणि चांगला दातही खर्ची पडतो. तुमच्या वडिलांची पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी कडेला घट्ट असेल, तिथे अन्न अडकत नसेल, तर ती आहे तिथेच राहू द्या.

(पुढील आठवड्यात : ब्रश करताना हिरडीतून रक्त का येते?)